नाव शेवटच्या कडव्यात असतं



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी आपण चळवळीचा इतिहास वाचतो. महाड, काळाराम, नागपूर, नामांतर. तो वाचायलाच हवा. पण आपल्या घराघरात, माळ्यावर, कॉटखाली, पत्र्याच्या ट्रंकेत आणखी एक इतिहास पडून आहे आणि दर पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी चढते आहे. तो आपल्या गाण्यांचा इतिहास. माझ्या घरी अशा दोन ट्रंका आहेत. घरची मंडळी त्याला पसारा म्हणतात, मी संग्रह म्हणतो. संपादक मंडळाने "त्याच्यावरच लिहा" असा आग्रह धरला म्हणून हे धाडस. मी संगीताचा जाणकार नाही. गिरणीत साच्यांच्या खडखडाटात माझी हयात गेली, त्यामुळे कानही तसे अर्धेच राहिलेत. पण जे ऐकलं ते जपलं, एवढं मात्र खरं.

ट्रंकेत काय नाही ते विचारा! खाली जुन्या लाखेच्या तबकड्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. त्यात अब्दुल करीम खाँसाहेब आहेत, हिराबाई बडोदेकर आहेत, बालगंधर्व आहेत, सैगल आहे. वर कॅसेटी, चारशेच्या पुढे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, सुलोचनाबाई चव्हाण, इस्माईल आझाद यांची कव्वाली, बेगम अख्तर, शाहीर अमर शेख. पाहुणे येतात आणि विचारतात, भीमगीतांच्या शेजारी नाट्यसंगीत कसं चालतं हो तुम्हाला? मी म्हणतो, प्रल्हाददादांना विचारायला हवं होतं. एकाच गळ्यातून त्यांनी पंढरीची गाणी गायली, भीमगीतं गायली, कव्वालीही रंगवली. आणि खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात, राज्यघटना आणि धम्म यांची एवढी कामं डोक्यावर असताना, व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. मग आपण कानाला सोवळं कशाला नेसवायचं?

पण आज मला आवडीनिवडीची यादी द्यायची नाही. ट्रंक आवरता आवरता एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती सांगायची आहे. गाणं कुणाचं, हे कळतं कसं?

आपल्या देशात तबकडीसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्याला. फ्रेड गैसबर्ग नावाचा साहेब यंत्र घेऊन आला होता आणि त्याच्यासमोर गौहर जान गायल्या. तीन मिनिटांत गाणं बसवायचं आणि शेवटी त्या बाई चक्क इंग्रजीत आपलं नाव सांगून मोकळ्या व्हायच्या. आज ऐकताना हसू येतं. पण कारण साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला काय कळणार, कोण गातंय? गाण्याच्या शेवटी नाव ऐकायचं आणि त्याप्रमाणे कागद चिकटवायचा.

आपल्या लोकांना ही युक्ती साहेबाच्या आधीपासून माहीत होती. तुकोबा, चोखोबा, कबीर, सगळ्यांची नावं अभंगाच्या, दोह्याच्या शेवटी येतात. चोखोबांच्या सोयराबाईंनी तर नवऱ्याच्या नावानेच आपली ओळख गुंफली, म्हणूनच ते अभंग तिचे हे आज आपण सांगू शकतो. त्याच्याही मागे जा. आपल्या थेरीगाथेत त्र्याहत्तर थेरींच्या गाथा आहेत आणि त्यांतल्या कितीतरी गाथांत थेरी स्वतःलाच नावाने हाक मारते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बायांची नावं आपल्यापर्यंत आली ती गाण्यात ओवली होती म्हणून. वेगळ्या कागदावर लिहिली असती तर कागदाबरोबर गेली असती.

हीच रीत वामनदादांची. वामन तबाजी कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, मुंबईत येऊन मोठेपणी अक्षरं गिरवली, १९४३ पासून गाणी लिहायला लागले आणि २००४ साली गेले तोवर हजारो गाणी लिहून ठेवली. 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले, पण बहुतेक गाणी लोकांच्या वह्यांत आणि गळ्यांत. दादांचं गाणं ओळखायचं कसं? शेवटच्या कडव्याची वाट पाहायची. तिथे 'वामन' येतोच. दादांचंच बघून पुढच्या कितीतरी कवींनी आपलं नाव असंच शेवटी गुंफलं. ज्यांचं पुस्तक कधी निघणार नव्हतं, ज्यांचं नाव कुठल्या वेष्टनावर छापलं जाणार नव्हतं, त्यांची ही सही होती.

आता आपल्या दारातलीच गोष्ट घ्या. लावणीसम्राज्ञी सुलोचनाबाई चव्हाण आपल्या फणसवाडीच्या. १९३३ चा जन्म. लहानपणी मेळ्यात कामं केली. गाण्याची रीतसर तालीम नाही. घरी ग्रामोफोन होता आणि त्यावर वत्सलाबाई कुमठेकर यांच्या लावणीची तबकडी. ती त्या पुन्हा पुन्हा ऐकत, गुणगुणत, आणि आई रागावे. लावणी म्हणजे चांगल्या घरातल्या मुलीने तोंडात घ्यायची चीज नव्हे, असा तो काळ. पण घरात एक तबकडी होती, एवढ्यावर केवढं घडलं बघा! पुढे त्या हिंदी सिनेमात गायल्या. १९५१ च्या 'ढोलक'मध्ये त्यांची गाणी आहेत, पण तिथे नाव सुलोचना कदम. लग्नानंतर झाल्या चव्हाण. पती श्यामराव चव्हाण यांनी शब्द कसा फेकायचा ते शिकवलं. १९६२ च्या 'रंगल्या रात्री अशा' या चित्रपटातल्या लावणीने तर महाराष्ट्र डोक्यावर घेतला. ती लावणी लिहिली होती जगदीश खेबुडकर नावाच्या तेव्हाच्या नवख्या कवीने. २०२२ साली बाईंना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला इथे फणसवाडीतच त्या गेल्या. माझ्याकडे दोन्ही नावांची गाणी आहेत. आमच्या पोरांना सांगितलं की कदम आणि चव्हाण एकच, तर पटत नव्हतं. कागदावर नाव बदललं की माणूसच वेगळा होतो.

आणि नाव मुळात दिलंच नाही तर? १९४९ च्या 'महल' सिनेमातलं ते गाजलेलं गाणं लता मंगेशकरांचं. तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? 'कामिनी'! म्हणजे पडद्यावर मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर लागलं आणि लोकांनी पत्रं पाठवून विचारलं, ही गाते कोण? लताबाईंची ही गत, तर आपल्या शाहिरांना कोण विचारतो!

आपल्या शाहिरांची बाजू तर आणखी बिकट. आंबेडकरी जलसे १९३० च्या दशकात रंगात आले. भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती गावोगाव फिरले. आपल्या दहा भाषणांचं काम एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणत, हे आपल्याकडे जुनी माणसं सांगत आली आहेत. पण त्या जलशांच्या किती तबकड्या निघाल्या? कंपनीला गिऱ्हाईक हवं असतं आणि ग्रामोफोन घेण्याची ऐपत कुणाची होती? कर्डकांनी पुढे आठवणी आणि गाणी पुस्तकात नोंदवली म्हणून निदान शब्द उरले. त्यांचा आवाज मला अजून मिळालेला नाही. अण्णाभाऊ साठे गिरणीत राबले, १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' गावागावात पोहोचली. तीही पोहोचली ती तोंडातोंडीच.

आमच्या वडिलांना तबकड्यांचा नाद. पगार झाला की चोरबाजारात मटण स्ट्रीटला जायचे आणि जुन्या तबकड्या उचलून आणायचे. रविवारी खोलीत आणि बाहेर गॅलरीत अख्खी चाळ जमायची. प्रत्येकाची फर्माईश वेगळी. म्हातारे नाट्यगीत मागायचे, तरुण पोरं कव्वाली. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. आधी आईचे डोरले गेले, मग पितळेची भांडी, मग तबकड्या. माझ्या ट्रंकेत आज ज्या तबकड्या आहेत त्या तडकलेल्या म्हणून कुणी घेतल्या नाहीत त्या. सुई दर फेऱ्याला टक् करते. त्या टकटकीसकटच आम्हाला ती गाणी पाठ झाली.

आणि गंमत बघा, त्याच वर्षांत कॅसेट स्वस्त झाली. आखातातून परतणारी माणसं टू-इन-वन आणायला लागली, टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्या आल्या, एचएमव्हीचा एकछत्री अंमल मोडला. गिरण्या थंड आणि गल्लीबोळांत लाऊडस्पीकर गरम! आपल्या गायकांचे आवाज पहिल्यांदाच घाऊक भावात घरात आले. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या जोडीला कॅसेटींचे ढीग लागायचे. गावाकडून आलेला माणूस अभिवादन करून परतताना पिशवीत एक पुस्तक आणि एक कॅसेट नेई. लॅमिंग्टन रोडवर कोरी कॅसेट मिळे. एकाने विकत घ्यावी आणि दहा जणांनी भरून घ्यावी. कायद्याने ते बरोबर होतं का, यावर मी इथे बोलत नाही. पण आपली गाणी टिकली ती त्या भरून घेण्यामुळे.

मात्र एक नुकसान झालं. आकाशवाणी मुंबईच्या 'कामगार सभे'त निवेदक गीतकार, संगीतकार, गायक, तिन्ही नावं सांगायचा. घरी भरलेल्या कॅसेटवर आपण लिहिलं काय? 'भीमगीते भाग २'. 'मिक्स'. 'जयंती नवीन'. बस्स. पुढे सीडी आली, पेन ड्राइव्ह आला. नावाच्या जागी नुसता आकडा उरला. तरीही शेवटच्या कडव्यात सही होती. आता मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. मुखडा आणि ढोलकी. मिरवणुकीत डीजेवाला एक कडवं वाजवून पुढच्या गाण्यावर उडी मारतो. शेवटचं कडवं कुणी ऐकतच नाही आणि कवीचं नाव तिथेच असतं. माझं डीजेशी वाकडं नाही, पोरांनी नाचावं. पण 'हे पारंपरिक भीमगीत आहे' असं सांगून कुणी वामनदादांचं किंवा दुसऱ्या कवीचं गाणं म्हणायला लागला की माझ्या पोटात तुटतं. पारंपरिक काय? लिहिणारा हयात असताना आपण त्याला पाहिलेलं आहे!

पांढरपेशा रसिकांनी या बाबतीत शहाणपणा केला. १९९० साली मुंबईत मायकेल किनियर आणि सुरेश चांदवणकर आदी मंडळींनी जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची एक संस्था काढली. आपापल्या तबकड्या आणून एकत्र बसून ऐकायच्या, कागदावरचं नाव, मधल्या गुळगुळीत जागेवर कोरलेला आकडा, सगळं टिपून ठेवायचं. त्यांच्या याद्यांवरून आज कोण कधी काय गायलं ते सांगता येतं. आपल्या कॅसेटींच्या अशा याद्या मी कुठे पाहिलेल्या नाहीत.

म्हणून दोन वर्षांपासून विहारात महिन्याच्या शेवटच्या रविवारी, वंदनेनंतर, आम्ही पाच-सहा जण कॅसेटी घेऊन बसतो. काम सोपं आहे. बुरशी आलेली कॅसेट तशीच टेपमध्ये घालू नये, हेडला घाण लागते आणि पट्टी गुंडाळली जाते. आधी उन्हात नव्हे, सावलीत कोरडी करावी, पेन्सिल घालून हाताने एकदा पुढे, एकदा मागे फिरवावी. हेड स्पिरिटच्या कापसाने पुसावं. वरच्या कडेचे दोन बारीक प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे चुकून वर दुसरं भरलं जात नाही. मग तार जोडून संगणकावर उतरवायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकायचं आणि वहीत लिहायचं: गायक, कवी, चाल कुणाची, कॅसेट कुणाच्या घरची. ही शेवटची नोंद आमच्यातल्या एका ताईंनी सुचवली. त्या म्हणाल्या, ज्यांनी पोटाला चिमटा काढून घेतली त्यांचंही नाव असू द्या. अशी दोनशेच्या वर गाणी नोंदून झाली आहेत.

एक गाणं अडलंय. संपानंतरच्या दिवसांत आमच्या चाळीतल्या जयंतीत कुणीतरी टू-इन-वनवर भरलेलं. पेटी, ढोलकी आणि एका बाईचा आवाज, मागे पोरांचा गलका. एक आई कडेवर मूल आणि डोक्यावर रिकामी घागर घेऊन महाडला चवदार तळ्याकडे निघाली आहे, वाटेत तिला लोक काय काय विचारतात आणि ती काय उत्तरं देते, अशी रचना आहे. चार कडवी स्वच्छ ऐकू येतात. पाचवं सुरू होतं, बाई श्वास घेते आणि कॅसेटची बाजू संपते. उलटी बाजू लावली तर तिथे बिनाका. तुमच्यापैकी कुणाच्या आई-आजीला हे गाणं येत असेल तर त्यांना रविवारी घेऊन या. आम्हाला पाचवं कडवं हवं आहे.