टेकू केव्हा काढायचे?

घराचा स्लॅब टाकून झाला की दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न सुरू होतो : सेंट्रिंग केव्हा काढायचे? मालकाला गिलाव्याची घाई असते. सेंट्रिंगवाल्याला बल्ल्या आणि पत्रे पुढच्या कामावर न्यायचे असतात. उत्तर मिळते ते दिवसांत : सात, चौदा, एकवीस. पण काँक्रीटचे वय नुसत्या दिवसांत मोजणे बरोबर आहे का? या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहायला अमेरिकेतील दोन दुर्घटनांनी भाग पाडले. त्यांचा इतिहास विज्ञानाच्या शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू या. काँक्रीट ‘वाळून’ घट्ट होते असे आपण म्हणतो. तसे असते तर ताज्या स्लॅबवर आळी करून पाणी कशाला साठवले असते? काँक्रीट घट्ट होते ते सिमेंट आणि पाणी यांच्यातील रासायनिक क्रियेमुळे. कोणत्याही रासायनिक क्रियेप्रमाणे हीसुद्धा उष्णतेत वेगाने चालते आणि थंडीत रेंगाळते. ती पुरेशी पुढे जाईपर्यंत स्लॅबचे वजन टेकूंनी पेलायचे असते.

उंच इमारतीत प्रश्न आणखी अवघड होतो. नव्या मजल्याचे टेकू उभे राहतात ते खालच्या, स्वतःच कोवळ्या असलेल्या मजल्यावर. म्हणून खाली आणखी दोन-तीन मजल्यांचे टेकू तसेच ठेवतात. ग्रंडी आणि कबैला या दोन अभियंत्यांनी १९६३ साली याचे गणित मांडले. तीन मजल्यांना टेकू ठेवले तरी बांधकाम चालू असताना एखाद्या स्लॅबवर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सव्वादोन पटींहून अधिक भार येऊ शकतो, असे त्यांना आढळले. म्हणजे कित्येकदा इमारतीच्या आयुष्यातील सर्वांत कठीण दिवस ती पुरी होण्याआधीच येऊन जातात.

दोन दुर्घटना

२ मार्च १९७३. व्हर्जिनिया राज्यातील बेलीज क्रॉसरोड्स येथे ‘स्कायलाइन प्लाझा’ ही उंच निवासी इमारत बांधली जात होती. तिच्या स्लॅबखाली तुळया नव्हत्या. स्लॅब थेट खांबांवर टेकलेले होते. चोविसाव्या मजल्याचे काँक्रीट टाकणे चालू असताना तेविसाव्या मजल्याच्या स्लॅबने दगा दिला. ताणून धरलेल्या कागदातून पेन्सिल आरपार जावी तसे खांब स्लॅबमधून आरपार गेले. तो स्लॅब खालच्या स्लॅबवर कोसळला, तो त्याच्याही खालच्यावर, असे करत पडझड थेट जमिनीपर्यंत पोचली. १४ कामगार मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने तपास केला. टेकू वेळेआधी काढले गेले, हे सर्वांत संभाव्य कारण असल्याचा निष्कर्ष निघाला. जिथून पडझड सुरू झाली असावी तिथले काँक्रीट जेमतेम चार दिवसांचे होते आणि त्या काळात हवेचे सरासरी तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअस होते.

पाच वर्षांनी, २७ एप्रिल १९७८ रोजी, वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे याहून भयंकर घटना घडली. वीजकेंद्रासाठी काँक्रीटचा प्रचंड शीतक मनोरा उभारला जात होता. रोज सुमारे दीड मीटर उंचीचे एक कडे ओतायचे, असा क्रम होता. साचे आणि कामगारांची परांची जमिनीवर उभी नव्हती. ती आधीच्या दिवसांत ओतलेल्या काँक्रीटलाच अडकवलेली होती. मनोरा सुमारे ५० मीटर उंचीवर पोचला होता. आदल्या दिवशीचे कडे पुरते एक दिवसाचेही नव्हते, आणि हवा १० अंशांपेक्षा थंड होती. त्या कड्याने भार सोडला. एका जागी सुरू झालेली पडझड कडेकडेने पूर्ण वर्तुळभर फिरली. परांचीवर असलेले ५१ जण खाली आले. एकही वाचला नाही.

तापमानाचा हिशेब

दोन्ही ठिकाणी दिवस मोजले गेले होते, पण थंडी हिशेबात पुरेशी धरली गेली नव्हती. खेदाची गोष्ट अशी, की हा हिशेब कसा करायचा ते आधीच माहीत होते. ब्रिटनमध्ये वाफेने काँक्रीट पक्के करण्याच्या प्रयोगांतून नर्स यांनी १९४९ साली आणि सॉल यांनी १९५१ साली ‘परिपक्वते’ची कल्पना मांडली होती. उणे १० अंशांखाली काँक्रीटची ताकद जवळजवळ वाढत नाही असे धरायचे. तापमान त्याच्या वर जितके अंश असेल त्याला दिवसांनी गुणायचे. येणारा आकडा हीच काँक्रीटची खरी वयोमर्यादा.

व्हर्जिनियातील स्लॅबचे गणित फळ्यावर करून पाहा. ७ अधिक १० म्हणजे १७. गुणिले ४ दिवस. उत्तर ६८ अंश-दिवस. आता आपल्याकडचे ३० अंश सरासरी तापमान घ्या. तिथे दिवसाला ४० अंश-दिवस मिळतात. म्हणजे ६८ गाठायला १.७ दिवस पुरतात. तो ‘चार दिवसांचा’ स्लॅब आपल्याकडच्या दोन दिवसांच्या स्लॅबपेक्षाही कोवळा होता! दोन दिवसांत टेकू काढायला आपल्यापैकी कोणी धजेल का?

हे सूत्र ढोबळ आहे. मिश्रण बदलले की ताकदीचा आलेखही बदलतो. म्हणून त्याच मिश्रणाचे नमुने आधी प्रयोगशाळेत तपासावे लागतात, आणि पाणी मारण्यात हयगय झाली तर सारेच गणित चुकते. पण या दुर्घटनांनंतर त्याच ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी पद्धतीचा कसून अभ्यास केला आणि १९८७ साली अमेरिकेत तिचे प्रमाणित मानक तयार झाले. स्लॅबमध्ये तापमापक ठेवून टेकू काढण्याचा दिवस ठरवणे आता शक्य झाले आहे.

भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस ठेवायला सांगितले आहे. मात्र त्याला अटी आहेत : सिमेंट साधे पोर्टलँड हवे, तापमान १५ अंशांखाली जाता कामा नये, आणि पाणी पुरेसे मारलेले हवे. हिवाळ्यात निफाडला रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. आज सर्रास वापरले जाणारे राखमिश्रित सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद घेते. अशा वेळी मुदत वाढवावी लागते. ‘सात दिवस’ लक्षात राहतात. अटी विसरल्या जातात.

विद्यार्थ्यांना ‘तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग वाढतो’ हे वाक्य आपण पाठ करायला लावतो. ते शिकवताना शाळेजवळ चालू असलेल्या बांधकामावर स्लॅब कोणत्या तारखेला टाकला ते विचारून घ्यावे, रोजचे किमान आणि कमाल तापमान मुलांना टिपायला सांगावे, आणि अंश-दिवसांचा तक्ता करून घ्यावा. मुलांनी मात्र टेकूंखाली जायचे नाही, लांबूनच पाहायचे. तिथे रोज जे उभे असतात, त्यांच्यासाठी हा तक्ता आहे.