मूलनलिका-उपचारोत्तर दंतपुनःस्थापन

दाताच्या मुळातील रोगट मगज काढून मूलनलिका भरल्यानंतर, म्हणजेच व्यवहारात ज्याला ‘रूट कॅनल’ म्हणतात तो उपचार झाल्यानंतर, उरलेल्या दाताची पुन्हा बांधणी करून तो चर्वणक्षम करणे. या विद्येचा इतिहास बव्हंशी मुळात बसविण्याच्या खुंटीचा इतिहास आहे.

फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सोन्याचांदीच्या खुंट्या मुळात घालून तापवलेल्या लुकणाने पक्क्या करण्याची रीत वर्णिली आहे. पुढे लाकडी खुंट्याही प्रचारात आल्या. ओलाव्याने लाकूड फुगे व खुंटी घट्ट बसे. परंतु त्याच ताणाने मूळ उभे चिरत असे. १८७८ च्या सुमारास अमेरिकेत सी. एम. रिचमंड यांच्या नावाने प्रसिद्धीस आलेल्या खुंटीयुक्त टोपीत मुळाभोवती सोन्याचे कडे असे. बैलगाडीच्या चाकास धाव आवळते, तसे हे कडे मुळास आवळून धरी. विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये मेणाच्या प्रतिकृतीवरून धातू ओतण्याची पद्धती दंतवैद्यकात रूढ केल्यावर खुंटी व गाभा एकसंध ओतणे सुकर झाले.

या प्रगतीस लवकरच मोठा धक्का बसला. विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यांनी १९१० मध्ये माँट्रिऑल येथील व्याख्यानात सोन्याच्या टोप्यांखाली पू दडपला जातो, अशी कठोर टीका केली. अस्वच्छ कामापुरती ती रास्त होती. तथापि तिच्या आधारे दातांतील जंतुदोष हा अनेक शारीरिक व्याधींचे मूळ ठरवून पुढील काही दशके असंख्य दात, त्यांत वाचविता येण्याजोगेही, उपटण्यात आले.

उपचारित दात शुष्क व ठिसूळ होतो आणि काँक्रीटमधील सळईप्रमाणे खुंटी त्यास बळ देते, हा समजही दीर्घकाळ टिकला. सोरेन्सन व मार्टिनॉफ यांनी १,२७३ उपचारित दातांच्या पाहणीवरून (१९८४) खुंटीने बळकटी वाढत नाही, मात्र दाढा-उपदाढांना पूर्ण आच्छादन लाभते, असे दाखविले. सेजली व मेसर यांना (१९९२) अशा दातांत लक्षणीय ठिसूळपणाही आढळला नाही. दात दुबळा होतो तो किडीने व कोरण्याने पदार्थ घटल्यामुळे. म्हणून गाभ्यास दुसरा आधार नसेल तेव्हाच खुंटी घालतात, आणि टोपीच्या कडेखाली निदान १.५ ते २ मिमी. उंचीचा नैसर्गिक दात सभोवार राखतात. रिचमंड यांच्या कड्याचे काम आता टोपीची कडच करते. १९९० नंतर प्रचारात आलेल्या तंतुमय खुंट्या धातूपेक्षा लवचिक असतात. अति भार पडल्यास त्या बहुधा सुटतात. सुटलेली खुंटी पुन्हा बसविता येते, उभे चिरलेले मूळ मात्र सामान्यतः काढावेच लागते.