आजोबांची तार

कोपरखैरण्याचा फ्लॅट सोडताना मालकांनी डिपॉझिटमधले वीस हजार कमी दिले. म्हणाले, "हे मिळालेच नव्हते." मी ते रोख दिले होते. पावती मागायला संकोच वाटला होता.

गिरगावच्या चाळीतले आजोबा भाडेपावत्या तारेत ओवून ठेवायचे. आम्ही हसायचो. त्यामागचा इतिहास नंतर वाचला. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४०च्या पातळीला बांधून टाकली. मग खोली देताना पागडी मागितली जाऊ लागली. ती बेकायदा, म्हणून रोखीत आणि बिनपावतीची. हजारो मोजूनही भाडेकरूच्या हाती पुरावा उरायचा तो दरमहाच्या काही रुपयांच्या पावतीचाच. म्हणून ती तार.

३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू झाला आणि पागडी कायदेशीर झाली. त्याचं कलम ३१ सांगतं, मालकाने पैसे घेतले की लेखी पावती द्यायची. नाहीतर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड. कलम ५५नुसार करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य.

माझा करार नोंदलेला होता. त्यात डिपॉझिट वीस हजारांनी कमी लिहिलं होतं आणि खाली माझीच सही होती.

आता घणसोलीत राहतो. डिपॉझिट पूर्ण बँकेतून दिलं, करारात पूर्ण आकडा लिहून घेतला. दर महिन्याचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये जातो. फोल्डरचं नाव 'तार'.