कवटीची संगणकीय पुनर्रचना

भग्न कवटीचे मूळ रूप क्ष-किरण छेदचित्रांवरून संगणकात उभे करण्याची पद्धती. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडन येथे एका रुग्णाच्या मेंदूची छेदचित्रे घेतली, तेव्हा तिचा पाया घातला गेला. अधिक घनतेमुळे हाड चित्रात वेगळे ओळखता येते; हे छेद क्रमाने रचले, की त्रिमितीय कवटी मिळते. नष्ट भागाच्या जागी शाबूत बाजूचे आरशातील प्रतिबिंब बसवितात; मध्यरेषेवरील हाड गेले असल्यास मात्र हा उपाय चालत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने हरयाणातील राखीगढी येथे उत्खनिलेल्या, सु. ४,५०० वर्षांपूर्वीच्या दोन कवट्यांच्या छेदचित्रांवरून भारतीय व कोरियन संशोधकांनी २०१९ मध्ये चेहरे सिद्ध केले. ओठ, कान व वर्ण केवळ हाडाच्या आकारावरून ठरत नाहीत; तेवढा भाग तर्काचाच होय.