कल्हईच्या कथलाचं नाक

कल्हईवाला आठवतोय ना? पितळेच्या पातेल्याला तो जो पांढरा धातू फासायचा, ते कथील. त्याच कथलाची राख, म्हणजे टिन ऑक्साइड, गॅसगळती ओळखणाऱ्या यंत्रात बसलेली असते. आज तिची गोष्ट.

आधी हे काम पाखरांकडे होतं. इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत. विषारी वायूनं आधी पाखरू कोसळे, मग माणसं बाहेर पळत. 1986 पर्यंत हे चाललं!

सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. पण सर्दी झालेल्या किंवा गाढ झोपलेल्या बाईला तो कसा कळणार? जपानात घरोघरी गॅस आला तसे स्फोटही झाले. तेव्हा नाओयोशी तागुची यांनी 1962 साली टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट मागितलं. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद कॉलेजही त्याच वर्षीचं, म्हणून साल माझ्या पक्कं लक्षात आहे.

ही राख तीनशे-चारशे अंशांवर तापती ठेवतात. हवेतला ऑक्सिजन तिच्या कणांना चिकटतो आणि वीज अडवतो. गॅस आला की तो ऑक्सिजन खर्ची पडतो, वीज वाहते, भोंगा वाजतो. नुसत्या राखेचं नाक मात्र मंद. मग तिच्यात चिमूटभर पॅलेडियम घातलं, आणि कण बारीक केले. भरड्यापेक्षा बारीक पिठाला पाणी जास्त लागतं ना, तसं कण बारीक तेवढी गॅसला भिडायला जागा जास्त. 1991 मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की कण सहा नॅनोमीटरच्या आसपास आला की नाक एकदम तिखट होतं. सहा नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण दहा हजारावा भाग.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर काम झालं. मला जास्त कौतुक अमळनेरच्या प्रताप कॉलेजचं. साने गुरुजींच्या त्या तालुक्याच्या गावात जस्ताच्या ऑक्साइडवर क्रोमियम ऑक्साइड चढवून अमोनिया हुंगणारा सेन्सर केला. बर्फाच्या कारखान्यात, दुधाच्या मोठ्या शीतगृहात अमोनियाच तर असतो.

गटाच्या बैठकीत विचारतात, हे यंत्र घ्यावं का? घ्यावं, पण बॅटरीची सोय असलेलं. लाईट गेली की राख थंड, नाक बंद. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून यंत्र जमिनीपासून हातभर उंचीवर लावायचं. गोबरगॅसमधला मिथेन हलका. त्यासाठीचं वेगळं यंत्र मागायचं आणि ते छताजवळ लावायचं.