ओवीपासून व्यासपीठापर्यंत : लक्ष्मीबाई टिळक

मुलगी शिकली की घराबाहेर पडते, आणि एकदा चारचौघांपुढे उभी राहून बोलू-गाऊ लागली की घराशी व धर्माशी असलेला तिचा धागा सैल होतो, अशी भीती आपल्यातील अनेक पालकांना वाटते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलीला काम करू द्यावे की नाही, एवढ्या साध्या प्रश्नावरही घरात मतभेद होतात. ही भीती केवळ आपल्या समाजाची आहे असे मात्र नव्हे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील बहुतेक सर्व जातिधर्मांच्या घरांत ती होती. तिचे उत्तर शोधायचे तर आपल्याच जिल्ह्यात संसार केलेल्या एका स्त्रीचे चरित्र पाहणे उपयोगी ठरेल. ती स्त्री म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ या अमर आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक.

अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, ही अनेक धर्मांच्या माणसांनी मिळून घडवलेली भूमी आहे. मलिक अहमद निजामशहाने 1490 मध्ये हे शहर वसविले. 1595-96 मध्ये चांदबीबीने येथील किल्ला मोगलांविरुद्ध लढविला. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ रचला आणि मुसलमान माणूस मराठीतून ईश्वराविषयी किती खोलवर बोलू शकतो हे दाखवून दिले. पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार यांनी याच शहरात मुलींचे शिक्षण चालविले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडेच घेतले. 1862 मध्ये फरारबाईंनी देह ठेवला तोही नगरातच. अशा या नगरात एकोणिसावे शतक संपता संपता लक्ष्मीबाई आल्या.

त्यांचा जन्म 1868 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनू. 1857 च्या उठावानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती आणि त्या घटनेची छाया सबंध घरावर पडली होती. वडिलांना सोवळ्याओवळ्याचे अतोनात वेड होते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज त्यांना चालत नसे. अशा घरात मुलीच्या शिक्षणाचा विचार कोण करणार? 1880 मध्ये, अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या वयात, त्यांचे लग्न नारायण वामन टिळक या तरुणाशी झाले. टिळक कवी होते, विद्वान होते आणि तितकेच लहरीही होते. संसारात आज येथे तर उद्या तेथे असा प्रकार चाले. मात्र त्यांनीच पत्नीला अक्षरओळख करून दिली. लक्ष्मीबाईंचे सारे शिक्षण ते एवढेच. जोडाक्षरे लिहिताना त्या अखेरपर्यंत अडखळत असत.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहान मुलगा दत्तू, पती जिवंत असून दुरावलेला आणि समाजाची बोचरी नजर. जवळजवळ पाच वर्षे त्या पतीपासून वेगळ्या राहिल्या. त्यांपैकी काही काळ त्यांनी पंढरपुरात काढला. याच दुःखाच्या दिवसांत त्यांच्या मनात कविता स्फुरू लागल्या. लहानपणी कानांवर पडलेल्या ओव्या आणि गाणी हीच त्यांची काव्यशाळा होती.

पुढे त्या पतीकडे नगरला आल्या, पण आपला धर्म सोडून नव्हे. आरंभी त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली व आपले सोवळे सांभाळले. टिळकांनीही त्यांच्यावर सक्ती केली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वतः विचार करीत करीत, जातिभेद हा देवाने नव्हे तर माणसाने केला आहे, या निर्णयाला त्या पोहोचल्या आणि 1900 मध्ये राहुरी मुक्कामी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे धर्मांतराचा पुरस्कार करण्याचा हेतू नाही. सांगायचे एवढेच की, पतीच्या आज्ञेने किंवा समाजाच्या धाकाने त्या कोठेही गेल्या नाहीत. ज्या श्रद्धेवर त्या उभ्या राहिल्या ती त्यांची स्वतःची होती, म्हणूनच ती पुढे कोणत्याही संकटात डळमळली नाही.

टिळकांचे घर म्हणजे जणू धर्मशाळाच होती. अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे यांचा राबता सतत असे. कवी बालकवी ठोंबरे यांनाही या घराने आसरा व माया दिली. तुटपुंज्या मिळकतीत एवढ्या माणसांची ताटे वाढण्याचे काम लक्ष्मीबाईंचे होते. हा सारा व्याप सांभाळूनच त्या लोकांपुढे बोलू लागल्या आणि कीर्तने करू लागल्या.

कीर्तन म्हणजे केवळ भजन नव्हे. पूर्वरंगात निरूपण होते, तर उत्तररंगात आख्यान रंगते. कीर्तनकार एकटाच उभा राहून कथेतील सर्व माणसांचे बोलणे बोलतो, गातो, हसवतो आणि डोळ्यांत पाणीही आणतो. रंगभूमीची बहुतेक अंगे त्यात असतात. फक्त पडदे आणि वेशभूषा तेवढी नसते. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तनाला ख्रिस्ती रूप दिले होते. टिळकांनी ती वाट पुढे नेली आणि लक्ष्मीबाईही तीवरून चालल्या. तो काळ असा होता की नाटकांत स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. बालगंधर्वांचा स्त्रीवेष पाहण्यास लोक गर्दी करीत, पण प्रत्यक्ष स्त्री रंगमंचावर आली तर नाके मुरडीत. गिरिजाबाई केळकरांनी ‘पुरुषांचे बंड’ हे नाटक लिहिले ते 1913 मध्ये. अशा दिवसांत एका गृहिणीने मोबदल्याची अपेक्षा न ठेवता श्रोत्यांपुढे उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती. हौशी कलावंत याहून वेगळा काय असतो?

1919 मध्ये टिळक निवर्तले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम केले. काही काळ त्या कराचीसही राहिल्या. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी पुढे नेले. टिळकांचे अध्याय दहा-अकरा, तर लक्ष्मीबाईंचे साठांहून अधिक. 1933 मध्ये नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला. मुलगा देवदत्त याच्या आग्रहावरून लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचे निधन झाले. जोडाक्षरांत चुकणाऱ्या त्या बाईंचे पुस्तक आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. त्याची इंग्रजी भाषांतरे झाली आहेत. 1982 मध्ये विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट काढला व त्यात सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाई साकारल्या. जिने स्वतः व्यासपीठ गाठले, तिचेच आयुष्य पुढे अभिनयाचा विषय झाले.

या चरित्रावरून आपण काय घ्यावे? आपल्या घरांतही आवाज आहेत. मिलादच्या मजलिसीत नात म्हणणारी आजी, मोहरमात मर्सिया म्हणणारी खाला, लग्नाच्या गाण्यांत सर्वांना हसवणारी फुफी, या साऱ्या आपापल्या परीने कलावंतच आहेत. त्यांचा आवाज उंबरठ्याच्या आत असतो तोवर आपण त्याचे कौतुक करतो. तोच आवाज नातीच्या तोंडून शाळेच्या व्यासपीठावर आला की मात्र आपण बिचकतो. इल्म हासिल करणे हे स्त्री-पुरुष दोघांचेही फर्ज आहे, असे आपण मानतो. मग त्या इल्मला वाचा फुटली तर घाबरावे कशासाठी? मर्यादा अवश्य असावी. पोशाख, विषय आणि वेळ यांचा विचार पालकांनी शिक्षकांबरोबर बसून करावा. परंतु मर्यादा घालणे आणि मुलीचा आवाजच बंद करणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

विद्यार्थिनींनाही एक सांगणे आहे. लक्ष्मीबाईंनी धीटपणा दाखवला तो घराला पाठ फिरवून नव्हे. स्वयंपाकघर, मुले, पाहुणे, प्रार्थना आणि कीर्तन हे त्यांच्या लेखी एकाच आयुष्याचे भाग होते. वाचा, पाठांतर करा, शब्द स्वच्छ उच्चारा, आणि जे बोलाल त्यावर तुमचा स्वतःचा विश्वास असू द्या. विश्वास स्वतःचा असला की व्यासपीठाची भीती उरत नाही, आणि व्यासपीठावर गेल्याने विश्वास ढळतही नाही. राहुरी आणि नगरच्या मातीत वावरलेल्या या स्त्रीने ते आपल्या जगण्यातून दाखवून दिले आहे.