परवाना, झडती आणि एक कार्ड

फटाक्यांच्या साठ्याचा परवाना मागणाऱ्याला आजही जागेचा नकाशा जोडावा लागतो. कोठाराभोवती किती अंतर मोकळे आहे, हे दाखवावे लागते. या व्यवहाराचे मूळ १८८४च्या स्फोटकांच्या कायद्यात आहे. बंदुकीची दारू, डायनामाइट आणि शोभेची दारू त्याने एकाच व्याख्येत बसवली आणि त्यांची निर्मिती, साठवण, वाहतूक व विक्री परवान्याखाली आणली. माल किती आणि ठेवणार कोठे, एवढीच त्याची विचारणा.

मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर (३० एप्रिल १९०८) सरकारला ही विचारणा अपुरी वाटली. ८ जून १९०८ रोजी सिमल्यात दुसरा कायदा झाला. स्फोटके बनविण्याचे साहित्यही आता 'स्फोटक पदार्थ' ठरले. ते संशयास्पद परिस्थितीत जवळ सापडल्यास आपला हेतू निर्दोष असल्याचे आरोपीनेच दाखवायचे. येथे अर्ज-नकाशाचे काम नव्हते. तपासायचे होते ते मन.

त्याच महिन्यात टिळकांना अटक झाली. पुण्याच्या झडतीत एक कार्ड मिळाले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. सरकारपक्षाने ते राजद्रोहाच्या खटल्यात पुढे केले. नव्या कायद्यातील व्याख्येवर टीका लिहिण्यासाठी ती पुस्तके पाहायची होती, असे टिळकांनी सांगितले. संपादकाच्या कागदपत्रांत याहून स्वाभाविक काय सापडावे, असे आम्हांस वाटते. २२ जुलैची सहा वर्षांची शिक्षा 'केसरी'तील लेखांसाठी होती, हे खरे. पण सात विरुद्ध दोन असा कौल देणाऱ्या ज्युरीपुढे लेखांच्या जोडीला ते कार्डही होतेच.